खोल्या खाली करून राहिलो

सरकारी कार्यालयात कोणता कागद किती वर्षं ठेवायचा, याचे नियम आहेत. मुदत संपली की कागद नष्ट करता येतो. किश्शांना असा नियम नाही, ते साठतच जातात. मी अमरावती महापालिकेच्या एका झोन कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसतो. कोणाला काही मागायचं असलं की तो आधी माझ्या पुढ्यात येतो, आणि साहेबलोकांनी काहीही लिहिलं तरी ते शेवटी माझ्याच हातून बाहेर पडतं. अशा जागी बसलेल्या माणसाला रोज एखादा किस्सा मिळतोच. पूर्वी तो मी संध्याकाळी घरी नेऊन सांगत असे आणि मोकळा होत असे. दोन वर्षांपासून ती सोय नाही. म्हणून आता तुम्हांला सांगतो.

सगळे सांगायला बसलो तर तुम्ही उठून जाल. फक्त दोन खोल्यांचे सांगतो.

आम्ही राहतो त्या लेआउटमध्ये मनपाची शाळा आहे. पटसंख्या घटली तशा तिच्या मागच्या दोन खोल्या बंद पडल्या आणि आमच्या झोनने त्यात भंगार भरलं. माझी पत्नी सुनंदा त्याच शाळेत शिक्षिका. तिच्या जुन्या विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत; पास होऊन नोकरी मिळवणं, याला त्या 'पोस्ट काढणं' म्हणत. एकीच्या घरी एकच खोली, दुसरीच्या घरी दिवसभर टीव्ही, तिसरी ओट्यावर बसली की येणारे-जाणारे विचारणार, "काय व, लागली का नोकरी?" सुनंदाचं म्हणणं एवढंच, की या दोन खोल्यांची अभ्यासिका करा.

हे ती मला घरी रोज सांगायची. एक दिवस कंटाळली आणि अर्ज घेऊन थेट कार्यालयात आली. रांगेत उभी राहिली.

तिचा नंबर आला. मी म्हणालो, "अगं, घरी दिला असतास तरी चाललं असतं."

ती म्हणाली, "घरी दिलेलं तुम्ही उशीखाली ठेवता. इथं आवक क्रमांक पडतो."

मी क्रमांक टाकला. ती हलेना.

"आता काय?"

"पोच. शिक्का मारून, सही करून."

आमचा शिपाई पुंडलिक मागे उभा राहून हे ऐकत होता. पुंडलिक तेल्हाऱ्याचा. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "द्या न साहेब, द्या. आमच्या घरी तं पोच न घेताच भांडते."

त्याच वर्षी हिवाळ्यात सुनंदा गेली. आजार आठच दिवसांचा होता. अर्ज मात्र राहिला. त्यावर तिच्याखाली लेआउटमधल्या सत्तावीस जणांच्या सह्या होत्या, त्यामुळे तो एकटीचा नव्हता. तो मी दर महिन्याला प्रलंबित अर्जांच्या यादीत लिहीत होतो. यादी वर जायची आणि तशीच खाली यायची.

*

पुढच्या वर्षी आमच्या झोनला नव्या सहायक आयुक्त आल्या. देशमाने मॅडम, पुण्याच्या. वय तिशीच्या आसपास, हुशार, वेळेच्या पक्क्या. वऱ्हाड त्यांनी फक्त नकाशात पाहिलेलं.

पहिल्याच दिवशी पुंडलिकने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "मॅडम, एवढ्या दुरून इकडं काहून आल्या तुमी?"

मॅडमचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने त्यांनी मला आत बोलावलं. "वानखडे, माझी इथली नेमणूक लोकांना आवडलेली नाही का?"

मी म्हणालो, "मॅडम, त्याला तुमची काळजी वाटली. आवडलं नसतं तर त्याने विचारलंच नसतं."

दुपारी त्यांनी डबा उघडला. एक पोळी, थोडी कोशिंबीर. पुंडलिक दारातून म्हणाला, "एवढंच? खाऊन घ्या न बाप्पा पोटभर, मरता काय?"

मला पुन्हा बोलावणं आलं. "आणि हे?"

"हीसुद्धा काळजीच, मॅडम. जरा जास्त."

मॅडम शिकणाऱ्यांतल्या होत्या. त्यांनी डायरीचं मागचं पान काढलं आणि शब्द लिहायला सुरुवात केली. काहून म्हणजे का. मले म्हणजे मला. पोट्टी म्हणजे मुलगी. जो शब्द कळला नाही तो त्या लगेच विचारायच्या. अडचण झाली ती कळला असं वाटलेल्या शब्दाची. तो त्यांनी कोणालाच विचारला नाही.

*

आठवड्याभरात आढावा बैठक झाली. मॅडम एकेक प्रलंबित अर्ज वाचत होत्या आणि आमचे कनिष्ठ अभियंता काळे उत्तरं देत होते. काळे अकोल्याचे. गेली अनेक वर्षं अमरावतीत आहेत, पण इथलं ऊन अकोल्याच्या उन्हापुढे काहीच नाही हे दर उन्हाळ्यात अभिमानाने सांगतात.

"शाळेतल्या दोन खोल्या, अभ्यासिकेसाठी मागितलेल्या. काय स्थिती आहे?"

काळे म्हणाले, "खोल्या खाली करून राहिलो, मॅडम."

"खाली? खोल्या वर आहेत का?"

"नाही, नाही. खाली म्हणजे रिकाम्या."

"अच्छा. रिकाम्या." मॅडमनी 'खाली' डायरीत टिपलं आणि समोरच्या अर्जावर शेरा लिहिला.

आता हे नीट समजून घ्या. वऱ्हाडात एखादा माणूस 'करून राहिलो' म्हणाला, तर त्याचा अर्थ तो करतो आहे. काम चालू आहे. आणि काळे म्हणाले असतील तर चालू व्हायचं आहे. पुण्याच्या कानाला मात्र त्यातलं 'करून' तेवढं ऐकू आलं. करून झालं, आता निवांत राहिलो.

संध्याकाळी माझ्या टेबलावर पत्र आलं. मॅडमची सही. "उपरोक्त दोन्ही खोल्या रिकाम्या करण्यात आल्या असून तेथे अभ्यासिका सुरू करण्यास या कार्यालयाची हरकत नाही." प्रति, श्रीमती सुनंदा वानखडे व इतर.

खोल्यांची किल्ली माझ्या मागच्या खिळ्याला लटकत होती. आत काय भरलं आहे, ते मला पाठ होतं. मी दोनदा खुर्चीतून उठलो आणि दोनदा बसलो. मग विचार केला, आपलं काम क्रमांक टाकण्याचं आहे. क्रमांक टाकला, पाकिटावर माझ्याच घरचा पत्ता लिहिला आणि पत्र टपालाने पाठवलं.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन दारात आला. तो आमच्याकडे वर्षानुवर्षं येतो. पाकीट हातात धरून घुटमळला. "वहिनींच्या नावाचं आहे. परत लावू का?"

"नको," मी म्हणालो. "इकडं द्या."

ते पत्र घेऊन मी गवई काकूंकडे गेलो. काकू मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या, निवृत्त परिचारिका. त्यांच्या वॉर्डात भेटीच्या वेळेबाहेर डॉक्टरांचे नातेवाईकसुद्धा घुसू शकले नाहीत, अशी त्यांची ख्याती. अर्जावर सुनंदाच्या खालची पहिली सही त्यांची. काकूंनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"शिक्का खरा हाय न?"

"मीच मारला."

"मंग झालं," काकू म्हणाल्या आणि पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी साडेदहाला काकू बारा मुली घेऊन शाळेत गेल्या. खोल्यांना कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत पथदिव्यांचे जुने खांब, फुटक्या कचराकुंड्या आणि कोणाच्या तरी स्वागतासाठी केलेली प्रचंड कमान, तीन तुकड्यांत.

काकू ओरडल्या नाहीत. मोर्चा नाही, घोषणा नाही. अकरा वाजता त्या बाराही मुलींना घेऊन आमच्या झोन कार्यालयात आल्या, व्हरांड्यात सतरंजी अंथरली आणि म्हणाल्या, "बसा व पोट्ट्यांनो. काढा पुस्तकं."

मुलींनी पुस्तकं काढली. एक तास गेला, दोन गेले. कार्यालय इतकं शांत मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. भांडायला आलेली माणसं मुली पाहून आवाज खाली आणत. एक गृहस्थ नळाची तक्रार घेऊन तावातावाने आले आणि कुजबुजत सांगून गेले.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम बाहेर आल्या. "या मुली कोण? इथे काय करतायत?"

काळे घाईने पुढे झाले. "मॅडम, अभ्यास करून राहिल्या."

"झाला ना करून? मग अजून कशाला बसल्यात?"

मुलींनीही माना वर केल्या. काकूंनी पर्समधून पत्र काढून मॅडमच्या हातात दिलं. "यात लिवलं हाय, खोल्या खाली झाल्या. मंग त्या खांबाईले सांगा न, निघा म्हणाव."

शेवटी पुंडलिकने तोंड उघडलं. "मॅडम, करून राहिलो म्हणजे झालं नाई. करून राहिलो म्हणजे करून राहिलो."

मॅडमनी पत्र पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "वानखडे, नाली साफ करून राहिलो म्हणजे?"

"साफ करतो आहे, मॅडम."

"दिवे लावून राहिलो?"

"लावतो आहे."

मॅडम जवळच्याच खुर्चीत बसल्या. कारण त्याच बैठकीतल्या उत्तरांवरून त्यांनी मासिक अहवाल पाठवला होता आणि दोनच दिवसांपूर्वी, पूर्ण केलेल्या कामांच्या बाबतीत, आमचा झोन शहरात पहिला आला होता. आयुक्त साहेबांनी भर सभेत अभिनंदन केलं होतं.

काळे म्हणाले, "मॅडम, शुद्धिपत्रक काढू. नजरचुकीने लिहिलं गेलं म्हणू."

मॅडमनी त्या मुलींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पत्रावर माझी सही आहे. पत्र बदलायचं नाही. खोल्या बदलायच्या. आणि त्या अहवालात जे जे झालं म्हणून मी लिहिलंय, ते सगळं या महिन्यात व्हायला हवं."

त्या महिन्यात काळ्यांचं वजन चार किलोंनी उतरलं, असं काळेच सांगतात. नाल्या खरंच साफ झाल्या. दिवे खरंच लागले. पुढच्या आढावा बैठकीत मॅडमनी आधीच नियम सांगून टाकला, "राहिलो हा शब्द या खोलीत चालणार नाही. झालं किंवा नाही झालं."

काळे म्हणाले, "समजलं, मॅडम. आजपासून तसंच बोलून राहिलो."

*

भंगार हलवायचं तर ते कोणाचं, हे ठरवावं लागतं. विद्युत विभाग म्हणाला खांब आमचे नाहीत. स्वच्छता विभाग म्हणाला कुंड्या आमच्या नाहीत. कमानीला तर कोणी ओळखच दाखवली नाही. काळ्यांनी सगळ्यांकडून 'आमचे नाही' असं लेखी घेतलं आणि जे कोणाचंच नाही ते एका दिवसात उचललं. मोठ्या कामात हा माणूस कमी पडेल, पण नाकारलेल्या वस्तू हलवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही.

खोल्या धुतल्या गेल्या. संध्याकाळी मुली सतरंज्या घेऊन आल्या तर दाराला नवंकोरं कुलूप, आणि त्यावर फलक: 'जनसंपर्क कार्यालय'. आमच्या प्रभागाचे एक माजी नगरसेवक आहेत. निवडणूक जवळ आली होती आणि मोकळी जागा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. कार्यकर्त्यांसह ते तिथे हजर होतेच. मॅडमना फोन लावला, त्या कलेक्टर कचेरीत बैठकीला. काळे अचानक अकोल्याला गेलेले. मी तिथे होतो, पण आवक-जावक लिपिकाने कुलूप तोडावं असं कुठल्याच नियमात नाही.

काकू पुढे झाल्या. "भाऊ, कुलूप कोणाचं?"

भाऊंनी हात जोडले. "काकू, गैरसमज नका करू. जनतेच्याच सेवेसाठी हाय. मी तं तुमच्या पोरासारखा."

"पोरासारखा?"

"पोरगाच समजा न."

"मंग मायचं आईक," काकू म्हणाल्या. "किल्ली दे, अन् घरी जा. जेवायची वेळ झाली."

कार्यकर्त्यांपैकीच एक जण हसला. मग दुसरा. भाऊंनी आवाजाने गोळा झालेल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं. जमलेल्या पन्नास घरांमध्ये मतं किती, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांनी किल्ली काकूंच्या तळहातावर ठेवली.

काकू म्हणाल्या, "कुलूप चांगलं हाय. राहू दे."

ते कुलूप आजही आम्हीच वापरतो.

*

एप्रिल लागला. पत्र्याच्या छपराखाली दुपारी बसवेना. मुली ओला रुमाल डोक्यावर ठेवून गणितं सोडवत. मी टिपण मांडलं की अभ्यासिकेस कूलर द्यावा. मॅडमनी शेरा मारला, "उपलब्ध कूलर तात्काळ देण्यात यावा," आणि त्या दोन दिवसांसाठी मुंबईला गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांच्या दालनात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. खिडकीत चौकोनी भोक.

"पुंडलिक, कूलर कुठे गेला?"

"अभ्यासिकेत, मॅडम."

"माझा?"

"तुमीच लिवलं न, उपलब्ध कूलर. आमी साऱ्या झोनमंदी पाह्यलं. तुमी मुंबईले गेल्या तं तोच उपलब्ध होता."

मॅडमनी फायली उचलल्या आणि दुपारी त्या अभ्यासिकेत जाऊन बसल्या, मागच्या कोपऱ्यात, सह्या करत. मग रोजच जायला लागल्या. एका नव्या मुलीला त्या कोण हे माहीत नव्हतं. तिने दोन-तीन दिवस पाहिलं आणि जवळ सरकून विचारलं, "ताई, लय मेहनत करता तुमी. कोणती पोस्ट काढून राहिल्या?"

मॅडम म्हणाल्या, "इथलीच. अजून निघायची आहे."

त्या दिवशी पुंडलिकने मला येऊन सांगितलं, "साहेब, मॅडम पक्क्या वऱ्हाडी झाल्या."

*

एवढं होऊनही खोल्या आमच्या झाल्या नव्हत्या. वापर तात्पुरता होता. भांडार विभागाने गोदामासाठी मागणी केली होती आणि माजी नगरसेवकांचा अर्जही रीतसर माझ्याच टेबलावरून पुढे गेला होता. कायम अभ्यासिका करायची तर आयुक्त साहेबांची सही लागत होती. साहेबांनी निरोप पाठवला, "कागदावरून ठरवणार नाही. स्वतः येऊन पाहीन. जागा वापरात नसेल तर गोदाम."

ते कधी येणार, हे सांगितलं नव्हतं.

आले रविवारी. सव्वाअकराला मॅडमचा फोन आला आणि आम्ही सगळे जसे होतो तसे धावलो. काळे उलटा शर्ट घालून आले, मी सवयीने गळ्यात ओळखपत्र अडकवून. मॅडमच्या हातात खोल्यांची फाइल. साहेबांची गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली, साहेब उतरले, झपझप चालत दारापाशी आले. दार आतून लोटलेलं. त्यांनी ढकललं.

गवई काकू समोर उभ्या.

"कोण पायजे?"

काळे मागून म्हणाले, "काकू, आयुक्त साहेब हायेत."

काकूंनी साहेबांकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "सराव पेपर चालू हाय. साडेबाराले सुटते. तवा या."

"काकू, अहो आयुक्त..."

"आईकलं. तीस पोट्ट्या लिहून राहिल्या आत. माना वर होतीन त्याईच्या." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

साहेबांचा ड्रायव्हर गाडीचं दार उघडून उभा होता. मॅडम पांढऱ्या पडल्या होत्या. काळे माझ्या कानात म्हणाले, "गेलं गोदामात."

साहेब वळले. व्हरांड्यात लहान मुलांचा एक बुटका बाक होता. त्यावर ते बसले, गुडघे जवळजवळ हनुवटीपर्यंत. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. खिडकीतून रांगेत वाकलेल्या माना दिसत होत्या. साहेबांनी त्या एकेक करून मोजल्या. मग आमच्याकडे वळून विचारलं, "ही कल्पना कोणाची?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. काळ्यांनी पाहिलं. पुंडलिकने मान खाली घातली. मी घसा साफ केला, "साहेब, ते..."

खिडकी उघडली. "बाहेर बोलाचं नाई," काकू म्हणाल्या.

साहेबांनीच ओठांवर बोट ठेवलं. मग हात पुढे करून मॅडमकडून फाइल मागून घेतली. मांडीवर ठेवून एकेक पान मागे उलटत गेले. गोदामाची मागणी, माजी नगरसेवकांचा अर्ज, मॅडमचं पत्र, माझ्या महिन्या-महिन्याच्या याद्या. अगदी तळच्या कागदाशी थांबले. तो हाताने लिहिलेला होता. तो त्यांनी सावकाश वाचला. मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे, आणि खिशातून पेन काढलं.

आम्हांला फक्त पेनचा आवाज आला.

फाइल मिटून त्यांनी मॅडमकडे न देता माझ्या हातात दिली. मी काही बोलणार, तर त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. ते गेले असते तरी चाललं असतं, त्यांचं काम झालं होतं. पण ते त्या बाकावरून उठले नाहीत.

साडेबाराला आत घंटा वाजली. दार उघडलं. काकूंच्या हातात पेपरांचा गठ्ठा होता.

"हं, या आता," त्या साहेबांना म्हणाल्या. "बूट बाहेर काढा."